मैल्याच्या गाळाचा बायोचार आणि भट्टीचं तापमान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांडपाणी केंद्र चालवणारे, नगरपालिकांमधले अभियंते, शेतकरी आणि पर्यावरण अभियांत्रिकीचे विद्यार्थी आम्हाला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. गाळाचा बायोचार म्हणजे गाळ जाळून उरलेली राखच ना?

नाही. जाळायला हवा लागते, बायोचार करताना हवा तोडावी लागते. कोळसा पाडणारे लाकडाची रास मातीने लिंपून आत धुमसत ठेवतात, तत्त्व तेच. वाळवलेला गाळ बंद भट्टीत साधारण ३०० ते ७०० अंश सेल्सिअसला तापवला की पाणी, वायू आणि डांबरी वाफा निघून जातात आणि काळा, भुसभुशीत, खनिजांनी भरलेला कोळसा उरतो. या क्रियेला पायरॉलिसिस म्हणतात. राखेत कार्बन जवळपास नसतो, बायोचारमध्ये तो टिकाऊ रूपात राहतो. फरक एवढाच लक्षात ठेवा की लाकडाच्या कोळशात राख थोडी आणि कार्बन भरपूर असतो, गाळाच्या कोळशात बहुतेक वेळा निम्म्याहून जास्त राखच असते. पुढची बहुतेक उत्तरं या एका फरकावर उभी आहेत.

२. ‘५०० अंशांना केला’ म्हणतात तेव्हा ५०० अंश नेमके कशाचे?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि तो सगळ्यांनी विचारायला हवा. पॅनेलवर दिसणारा आकडा बहुधा भट्टीच्या भिंतीजवळच्या थर्मोकपलचा, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेचा असतो. गाळाच्या ढेकळाच्या पोटात उष्णता पोहोचायला वेळ लागतो. आमच्याकडे एकदा ५०० अंशांची म्हणून आलेली खेप तपासताना लिंबाएवढं ढेकूळ फोडलं. बाहेरून काळंभोर, आत तपकिरी गाभा, आणि नाकाला झोंबणारा डांबरी वास. तो गाभा ३०० अंशांच्याही वर गेला नसावा. कागदावर मात्र सगळी खेप ५०० ची.

म्हणून तापमानासोबत दोन गोष्टी नोंदवा: त्या तापमानाला माल किती वेळ होता, आणि भट्टीत जाताना दाण्याचा आकार केवढा होता. अर्धा ते एक तास आणि बोराएवढे किंवा त्याहून लहान दाणे असतील तर पॅनेलवरचा आकडा बऱ्यापैकी खरा धरता येतो. एकाच तापमानाच्या दोन खेपा वेगळ्या निघाल्या तर आधी इथेच शोधा.

३. तापमान वाढवलं की माल किती घटतो?

घटतो, पण लाकडाइतका नाही, कारण राख उडून जात नाही. ऑस्ट्रेलियातला २०११ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या विषयात नेहमी आधाराला घेतात. त्यात सुक्या गाळापासून ३०० अंशांना सुमारे ७२ टक्के, ५०० ला ५८ टक्के आणि ७०० ला ५२ टक्के बायोचार मिळाला. घट सुरुवातीला जोरात आणि नंतर हळू होते. तुमच्या गाळाचे आकडे वेगळे येतील. पाचक टाकीतून आलेल्या गाळातला सेंद्रिय भाग आधीच जिवाणूंनी खाल्लेला असतो, म्हणून त्यात घट कमी आणि राख जास्त.

४. तापमान वाढवलं की कार्बन वाढतो असं वाचलं होतं. आमच्या अहवालात तो कमी झालाय. लॅब चुकली का?

लॅब बरोबर आहे. तुम्ही वाचलेलं लाकडाबद्दल होतं. लाकडातून ऑक्सिजन आणि हायड्रोजन निघून जातात, राख नगण्य असते, म्हणून कार्बनचा वाटा चढत जातो. गाळात कार्बनही वायूबरोबर जातो आणि राख तेवढीच राहते, म्हणून टक्केवारीत राख वर आणि कार्बन खाली. प्रश्न ३ मधल्याच अभ्यासात कार्बन ३०० अंशांना सुमारे २५ टक्के होता, पुढे तो २० टक्क्यांवर आला.

मग वाढतं काय? टिकाऊपणा. उरलेला कार्बन वलयांच्या घट्ट रचनेत बांधला जातो आणि मातीतले जीवाणू त्याला सहज तोडू शकत नाहीत. हे मोजायला हायड्रोजन आणि सेंद्रिय कार्बन यांचं अणूंचं गुणोत्तर पाहतात. ते ०.७ च्या खाली असेल तरच माल बायोचार म्हणवून घेण्याच्या लायकीचा, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे, आणि ०.४ च्या खाली तो फारच टिकाऊ धरतात. ३००-३५० अंशांचा गाळ बहुधा या परीक्षेत नापास होतो. तो दिसायला काळा असला तरी अर्धा कच्चाच असतो.

५. सामू किती येतो? आमची काळी जमीन आधीच चोपण होत चाललीय.

तापमानाचा सर्वांत ढळढळीत परिणाम सामूवरच (पीएच: ७ च्या खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी) दिसतो. प्रश्न ३ मधल्या अभ्यासात ३००-४०० अंशांचा बायोचार ५ च्या आसपास, म्हणजे चक्क आम्लधर्मी होता. ५०० ला तो ७ च्या थोडा वर गेला आणि ७०० ला थेट १२ वर. कमी तापमानाला आम्लधर्मी सेंद्रिय गट शिल्लक असतात. ते जळाले की कॅल्शियम, मॅग्नेशियमचे ऑक्साइड आणि कार्बोनेट उघडे पडतात.

विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या जमिनीचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो आणि त्यात चुनखडीही असते. तिथे ७०० अंशांचा बायोचार टाकणं म्हणजे चुनखडीत चुना. तिथे ५०० च्या वर जाऊ नका. कोकणातल्या जांभ्या जमिनी आम्लधर्मी आहेत, त्यांना मात्र ६०० च्या पुढचा अल्कधर्मी बायोचार मानवतो. ‘चांगला बायोचार कुठल्या तापमानाचा’ असं आम्हाला विचारलं की आम्ही आधी जमीन विचारतो, ती यासाठी.

६. नायट्रोजन टिकतो का? युरियाचं एखादं पोतं वाचेल का?

वाचणार नाही, आणि ज्या विक्रेत्याने तसं सांगितलं असेल त्याच्यावर विसंबू नका. बायोचारमधला नायट्रोजन ३०० अंशांना ३.३ टक्के, तर ७०० ला १.२ टक्के, असे प्रश्न ३ मधल्याच अभ्यासाचे आकडे आहेत. घटत्या मालाचा हिशेब धरला तर १०० किलो सुक्या गाळामागे सुमारे २.४ किलो नायट्रोजन घसरून ०.६ किलोवर येतो. शिवाय उरलेला नायट्रोजन कार्बनच्या वलयांत अडकलेला असतो, तो पिकाला त्या हंगामात मिळत नाही. नायट्रोजनच हवा असेल तर गाळ भट्टीत घालण्याऐवजी त्याचं नीट तापलेलं कंपोस्ट करणं बरं, अर्थात त्यातले धातू मर्यादेत असतील तर (प्रश्न ८).

७. आणि फॉस्फरस?

इथे गाळाचा बायोचार खरा श्रीमंत आहे. नेहमीच्या भट्टीच्या तापमानाला फॉस्फरस उडत नाही. माल घटतो, फॉस्फरस तेवढाच राहतो, म्हणून त्याची टक्केवारी तापमानाबरोबर वाढते. भारत फॉस्फेट खनिजासाठी मोठ्या प्रमाणावर आयातीवर अवलंबून आहे, त्यामुळे मैल्यातला फॉस्फरस समुद्रात किंवा कचरा डेपोत घालवणं आम्हाला मनापासून खटकतं.

पण टक्केवारी वाढली म्हणजे पिकाला जास्त मिळाला असं होत नाही. तापमान चढतं तसा फॉस्फरस लोह-ॲल्युमिनियमची साथ सोडून कॅल्शियमला जाऊन चिकटतो आणि ॲपेटाइटसारखं रूप घेतो. पाण्यात विरघळणारा अंश कमी होतो. ॲपेटाइट म्हणजे जवळपास रॉक फॉस्फेटच. ते आम्लधर्मी जमिनीत सावकाश विरघळतं आणि चुनखडीच्या जमिनीत तसंच पडून राहतं. म्हणजे सामूने जो कौल दिला तोच फॉस्फरसही देतो: भाताच्या आम्लधर्मी खाचरात जास्त तापमानाचा, काळ्या जमिनीत मध्यम तापमानाचा. भट्टीत घालण्याआधी गाळात पोटॅशियमयुक्त पदार्थ मिसळला तर विरघळणारं पोटॅशियम फॉस्फेट तयार होतं आणि उपलब्धता सुधारते. ही वाट आम्हाला फार आशेची वाटते.

८. एवढ्या उष्णतेत जड धातू जळून जातात ना?

धातू जळून नाहीसे होत नाहीत. हा गैरसमज इतका पसरलाय की हे उत्तर आम्ही मुद्दाम लांबवतो.

जस्ताचं उदाहरण घ्या. समजा, कच्च्या सुक्या गाळात किलोमागे ८०० मिलिग्रॅम जस्त आहे. सगळं जस्त मालात राहिलं, तर प्रश्न ३ च्या आकड्यांप्रमाणे ३०० अंशांना ते सुमारे १,११० मिलिग्रॅम होईल, ५०० ला १,३८० आणि ७०० ला १,५४०. गाळ तोच, जस्त तेच, फक्त भोवतालचा माल आटला. साखर घातलेलं दूध आटवल्यावर जास्त गोड लागतं तसंच.

आता याच्या शेजारी खत नियंत्रण आदेशातली शहरी कंपोस्टची मर्यादा ठेवा, सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति किलो: जस्त १,०००, तांबं ३००, शिसं १००, क्रोमियम ५०, निकेल ५०, आर्सेनिक १०, कॅडमियम ५ आणि पारा ०.१५. म्हणजे कच्चा असताना मर्यादेत बसलेला गाळ भट्टीतून बाहेर पडला की मर्यादेबाहेर! जिथे इलेक्ट्रोप्लेटिंग किंवा कातडी कमावण्याचे कारखाने गटारात पाणी सोडतात, तिथे क्रोमियम आणि निकेलच्या पन्नाशीची रेषा कच्चा गाळच ओलांडतो.

याची दुसरी बाजूही खरी आहे. तापमान वाढतं तसे धातू खनिजांच्या जाळीत घट्ट बसतात, आणि पाण्यात किंवा सौम्य आम्लात सुटणारा अंश बहुतेक वेळा कच्च्या गाळापेक्षा बराच कमी होतो. म्हणून अहवालात एकूण धातू आणि सुटणारे धातू असे दोन आकडे मागा. सुटणारा आकडा दाखवून एकूण आकडा लपवणारा अहवाल स्वीकारू नका, कारण जमिनीत टाकलेला धातू पुढची अनेक वर्षं तिथेच राहणार आहे. आपल्या बऱ्याच जमिनींत जस्ताची कमतरता आहे हे खरं, पण ती भरून काढायला हेक्टरी थोडे किलो पुरतात आणि ते मोजून देता येतात. कॅडमियम-शिशाचं ओझं सोबत घेऊन येणारं जस्त नको.

९. पारा आणि कॅडमियम मात्र उडतात असं ऐकलं. मग ते जातात कुठे?

वायूत. पारा ३५७ अंशांनाच उकळतो, त्यामुळे ५०० पर्यंत तो बायोचारमधून जवळजवळ पूर्ण निघून जातो. कॅडमियम ७६७ ला उकळतं, पण गाळात कार्बन आणि क्लोरीन असल्यामुळे ६०० च्या आसपासच त्याचा बराच भाग निघू लागतो. जस्ताचा उत्कलनबिंदू ९०७ आहे, ते नेहमीच्या भट्टीत बहुतांशी राहतं. तांबं, निकेल, क्रोमियम कुठेच जात नाहीत.

माल स्वच्छ झाला म्हणून आनंद मानण्याआधी धुराड्याकडे पाहा. वायू थंड करून धुण्याची आणि गाळण्याची सोय नसेल तर शेतात जाणारा पारा आपण फक्त आजूबाजूच्या वस्तीत पाठवला. अशी सोय नसलेल्या भट्टीत तापमान वाढवून ‘कॅडमियममुक्त’ माल करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

१०. कमी तापमान म्हणजे कमी धोका, असं धरायचं का?

नाही. अर्धवट जळण्यातून पीएएच नावाची वलयी संयुगं तयार होतात. चुलीच्या काजळीत असतात तीच, आणि त्यांतली काही कर्करोगाला कारण ठरतात. साधारण ३५० ते ५५० अंशांच्या पट्ट्यात ती मालात अडकण्याची शक्यता जास्त. त्यातही तापमानापेक्षा भट्टीची रचना महत्त्वाची ठरते. डांबरी वाफा लगेच बाहेर ओढल्या तर माल स्वच्छ राहतो. त्या आतच रेंगाळल्या आणि माल थंड होताना त्यावर बसल्या, तर ६०० अंशांचा बायोचारही खराब निघतो. बोटांत चुरगाळल्यावर तेलकट वाटला किंवा डांबराचा वास आला, तर तो शेतात टाकू नका.

११. जंतू, औषधांचे अंश, प्लॅस्टिक यांचं काय होतं?

जंतू आणि कृमींची अंडी ३०० अंशांच्या खूप आधीच संपतात, त्याची काळजी नको. औषधांचे बहुतेक अंश आणि सूक्ष्म प्लॅस्टिक ५०० अंशांपर्यंत जवळजवळ पूर्ण तुटतात. चिवट आहेत ती फ्लोरीनयुक्त ‘पीफास’ रसायनं, जी नॉनस्टिक लेपात, डाग न धरणाऱ्या कापडात, आग विझवण्याच्या फेसात असतात. ५००-६०० अंशांना नीट वेळ दिला तर तीही मालातून बहुतांशी निघून जातात, पण काही वायूत जातात. म्हणून वायू वेगळ्या कक्षात जास्त तापमानाला जाळणं भाग आहे. शहरी गाळासाठी ५०० च्या खाली उतरू नका असं आम्ही सांगतो त्याचं मोठं कारण हेच.

१२. तापमान १५० अंशांनी वाढवलं तर इंधनाचा खर्च किती वाढेल?

तुम्हाला वाटतो त्याच्या मानाने फारच थोडा. यंत्रातून पिळून निघालेल्या एक टन गाळात सुमारे ८०० किलो पाणीच असतं. ते उडवून गाळ दहा टक्के ओलाव्यावर आणायला जवळपास २,००० मेगाज्यूल उष्णता लागते. उरलेल्या २०० किलो सुक्या मालाला ४५० वरून ६०० अंशांवर न्यायला साधारण ३५ ते ४०, म्हणजे वाळवण्याच्या जेमतेम दोन टक्के. उलट जास्त तापमानाला ज्वलनशील वायू अधिक निघतात आणि तेच वाळवण्यासाठी जाळता येतात. ३०० अंशांच्या भट्टीत असा वायू फारसा मिळत नाही.

खर्च वाचवायचा असेल तर वाळवणीकडे लक्ष द्या. आठ महिने आपल्याकडे ऊन फुकट आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी पारदर्शक छपराखालचे वाफे बांधा. तापमान कमी करून डिझेल वाचवण्याचा हिशेब जुळत नाही.

१३. आमच्या गावात भुयारी गटार नाही, सेप्टिक टँकच आहेत. त्या गाळाला हेच नियम का?

बहुतांशी हेच, आणि काही बाबतींत तुमची बाजू चांगली आहे. साताऱ्यातल्या वाईत दिवसाला ७० हजार लिटर क्षमतेचं मैला गाळ प्रक्रिया केंद्र २०१८ पासून आहे. तिथे पायरॉलिसिसचीच पद्धत बसवली गेली, आणि शहरातली प्रत्येक सेप्टिक टाकी तीन वर्षांतून एकदा उपसण्याचं वेळापत्रकही आखलं गेलं. अशा गाळात कारखान्याचं पाणी नसतं, म्हणून धातू सहसा कमी असतात. अडचण दुसरी: टाकीगणिक गाळ बदलतो. सहा महिन्यांपूर्वीची टाकी आणि पंधरा वर्षं न उपसलेली टाकी यांच्या गाळात राखेचं प्रमाण फार वेगळं असतं. तेव्हा आधी मोठ्या हौदात एकजीव करून मगच भट्टीकडे न्या, नाहीतर एकाच तापमानाला रोज वेगळा माल निघेल.

मोठ्या शहरांचा प्रश्न आकाराचा आहे. मुंबईत वरळी, वांद्रे, धारावी, मालाड, वर्सोवा, घाटकोपर आणि भांडुप इथल्या सात नव्या केंद्रांची मिळून क्षमता दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर आहे. पुण्यात मुळा-मुठेसाठी आखलेल्या ११ केंद्रांची ३९६. पाणी स्वच्छ होणार ही आनंदाचीच गोष्ट, पण त्यातून काढलेला गाळ कुठे जाणार हे आत्ताच ठरवायला हवं.

१४. गाळात पऱ्हाटी किंवा तुराट्या मिसळल्या तर?

जरूर मिसळा. चार फायदे होतात: धातूंचं प्रमाण विरळ होतं, कार्बन वाढतो, पोटॅशियम येतं (प्रश्न ७), आणि भट्टी सहज पेट धरते. उसाचं पाचट, भाताचं तूसही चालतं. मात्र धातू मर्यादेबाहेर गेलेला गाळ केवळ अहवालात बसवण्यासाठी पातळ करत जाऊ नका, एकूण धातू तेवढाच शेतात जातो. आणि मिश्रणात प्लॅस्टिकचे तुकडे, विशेषतः पीव्हीसी, येऊ देऊ नका. त्यातला क्लोरीन धातूंना वायूत ओढतो आणि डायऑक्सिनसारख्या विषांना निमंत्रण देतो.

१५. आमच्या केंद्रात गाळात चुना टाकतात. ३५० अंशांनाच सामू ११ आला. हे कसं?

प्रश्न ५ चा नियम इथे लागू होत नाही. चुना आधीच आत असल्यामुळे कमी तापमानालाही माल अल्कधर्मी निघतो आणि फॉस्फरस लवकर कॅल्शियमशी बांधला जातो. अशा गाळाला आणखी एक सावधगिरी हवी. चुना, उष्णता आणि हवा एकत्र आले की निरुपद्रवी रूपातलं क्रोमियम विषारी सहा-संयुजी रूपात जाऊ शकतं. बंद भट्टीत हवा नसते म्हणून हे टळतं, पण दाराची गळती असेल किंवा तापलेला माल उघड्यावर काढला तर टळेलच असं नाही. बंद पेटीत थंड होऊ द्या आणि अहवालात सहा-संयुजी क्रोमियम वेगळं मागा.

तुरटी किंवा फेरिक क्लोराइड टाकणाऱ्या केंद्रांचं उलट असतं. तिथे फॉस्फरस लोह-ॲल्युमिनियमशी घट्ट असतो आणि ६०० पर्यंतही त्याचा मोठा भाग तिथेच राहतो.

१६. हा माल खत म्हणून विकता येईल का?

जमिनीत घालायचा माल खताच्या नावाने विकायचा तर खत नियंत्रण आदेशाच्या चौकटीतच यावं लागतं, आणि प्रश्न ८ मधली धातूंची यादी ही पहिली चाळणी समजा. निर्यातीचं स्वप्न असेल तर हेही जाणून घ्या: युरोपीय संघाच्या २०१९ च्या खत नियमावलीत पायरॉलिसिसच्या मालासाठी जो वर्ग आहे, त्यात सांडपाण्याचा गाळ कच्चा माल म्हणून वगळलेला आहे. तापमान कितीही ठेवा, ते दार उघडत नाही. पिकाऐवजी रस्त्याकडेची झाडं, खाणीच्या उजाड जमिनी, विटा किंवा पाणी गाळण्यासाठी वापर करायचा असेल तर अटी वेगळ्या, आणि धातू जास्त असलेल्या शहरी गाळासाठी तीच वाट बरी.

१७. सरळ एक आकडा सांगा: भट्टी कितीवर ठेवू?

काहीच माहिती हाताशी नसेल तर ५०० ते ५५०, किमान अर्धा तास, लहान दाणे, वाफा बाहेर ओढून जाळण्याची सोय. काळ्या जमिनीसाठी ५०० ला थांबा. कोकणासाठी ६०० ते ६५०. पाण्यातला रंग किंवा धातू शोषून घेण्यासाठी माल करायचा असेल तर ७०० पर्यंत जा, कारण सच्छिद्रता तिथे वाढते. तरी लाकडी कोळशाएवढ्या पृष्ठभागाची अपेक्षा ठेवू नका. ५०० च्या खाली शहरी गाळ शेतासाठी आम्ही कुणालाच सुचवत नाही (प्रश्न ११).

१८. लॅबचा खर्च दर खेपेला परवडत नाही. आम्हाला स्वतःला काही तपासता येईल का?

येईल. एक भाग बायोचार दहा भाग पाण्यात रात्रभर ठेवा, गाळून घ्या. टिपकागदावर २० अळीव पसरून त्यावर हे पाणी शिंपडा, शेजारी दुसऱ्या ताटलीत साधं पाणी. तीन दिवसांनी किती रुजले आणि मुळं किती लांब झाली ते पट्टीने मोजा. जगभरच्या प्रयोगशाळा या चाचणीला आपल्या बाळंतिणीच्या लाडवातले हेच अळीव वापरतात, कारण ते विषाला चटकन प्रतिसाद देतात. मुळं तपकिरी, आखूड झाली तर डांबरी अंश, क्षार किंवा टोकाचा सामू यांपैकी काहीतरी आहे. सामूची कागदी पट्टी त्याच पाण्यात बुडवून पाहा. ढेकळं फोडून गाभाही बघा (प्रश्न २).

अळीव छान रुजले तरी मालात धातू नाहीत असं मात्र यातून कळत नाही. त्यासाठी प्रत्येक केंद्राच्या कच्च्या गाळाचा आणि त्याच्याच बायोचारचा असे दोन अहवाल वर्षातून एकदा तरी काढाच, आणि केंद्रात नव्या कारखान्याचं पाणी जोडलं गेलं तर लगेच.